गोष्टीतला चंद्र आणि पंचांगातला चंद्र

एखादी लांबलचक, अनेक भागांची गोष्ट वाचताना तुमच्यापैकी पुष्कळांना मध्येच एक शंका आली असेल. ‘अहो, पण मागच्या भागात तर हा मनुष्य म्हातारा होता, मग इथे तरुण कसा?’ किंवा ‘कालच तर अमावास्या झाली, आज लगेच पौर्णिमा कशी उगवली?’ अशी ती शंका. ती मोठ्या माणसांपुढे मांडली की बहुधा एकच उत्तर मिळते. ‘अरे, गोष्ट आहे ती! गोष्टीसारखी वाच.’

हे उत्तर तसे चुकीचे नाही. गोष्टीत राक्षस असतो, उडता गालिचा असतो. त्यांच्यापुढे एखाद्या तारखेची काय मातब्बरी? परंतु शंका विचारणाऱ्याचेही काही चुकलेले नसते. राक्षस खरा की खोटा, असे तो विचारतच नाही. लेखकाने स्वतःच केलेली दोन विधाने एकमेकांशी जुळतात की नाही, एवढेच तो विचारतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर हेच करत असतो. एकच राशी दोन मार्गांनी मोजायची आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. म्हणून आज आपण काही नामांकित कथामालांची अशीच तपासणी करू. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल, बेरीज-वजाबाकी आणि भिंतीवरची दिनदर्शिका.

वेताळाची रात्र किती लांब?

आरंभ घरच्याच गोष्टीपासून करू. राजा विक्रम आणि वेताळ यांच्या कथा कोणाला ठाऊक नाहीत? या कथांचा एक प्रसिद्ध जुना पाठ काश्मीरच्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या अकराव्या शतकातील ग्रंथात आहे. त्यातल्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, अशी सांगितली आहे. साधूने राजाला स्मशानात बोलावले ते कृष्ण चतुर्दशीच्या रात्री. ही तिथी मोठ्या विचाराने निवडलेली दिसते. कृष्ण चतुर्दशीचा चंद्र सूर्योदयाच्या थोडाच आधी उगवतो. सबंध रात्र काळोखाची हवी असेल, तर तिथी अचूक आहे.

सोमदेवाच्या पाठात वेताळ चोवीस कोडी घालतो. चोविसाव्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि मग कथेचा शेवट होतो. हे सारे एका रात्रीत घडायचे आहे. घडू शकेल काय? पैठणच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर येथे, डिसेंबरातील सर्वांत मोठी रात्र सुमारे १३ तासांची, म्हणजे ७८० मिनिटांची असते. ७८० ला २४ ने भागले की एका फेरीला साडेबत्तीस मिनिटे येतात. झाडाकडे जायचे, प्रेत खांद्यावर घ्यायचे, कथा ऐकत परत फिरायचे आणि उत्तर द्यायचे. मधली कथा मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटे धरली, तर अर्ध्या तासात एक फेरी सहज होते. म्हणजे रात्र लांब असेल तर हिशेब बसतो.

आता ‘चांदोबा’ मासिकाकडे वळा. १९५२ साली मराठीत सुरू झालेले हे मासिक आज बंद झाले आहे, पण त्यातली वेताळकथा तुमच्या आईवडिलांना विचारा. दर महिन्याला राजा हट्टाने झाडाकडे जाई, वेताळ नवी कथा सांगे, राजा बोले आणि वेताळ पुन्हा झाडावर. महिन्याला एक या वेगाने चोवीस कथा दोनच वर्षांत संपतात. पण वाचकांना कथा हव्या होत्या, म्हणून नव्या रचल्या गेल्या आणि ही माला अनेक दशके चालली. समजा, चाळीस वर्षे दरमहा एक कथा आली. कथा झाल्या ४८०. फेरीला अर्धा तास धरला तर २४० तास, म्हणजे अखंड दहा दिवस! एवढी लांब रात्र पैठणला तर नाहीच, ती पाहायची तर ध्रुवाकडे जावे लागेल.

मग ‘चांदोबा’ने चूक केली म्हणायची का? मला तसे वाटत नाही. कारण पुढे पाहू.

न वाढणारा फेणे

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो आणि ‘ट्टॉक्’ म्हणत संकटात उडी घेतो. त्याची वीस पुस्तके आहेत. शाळकरी मुलाला मोहिमांसाठी दिवाळीची आणि उन्हाळ्याची अशा वर्षात दोन मोठ्या सुट्या मिळतात. पुस्तकामागे एकच सुटी धरली, तरी वीस पुस्तकांना दहा वर्षे लागली. पाचवीत दहा वर्षांचा असलेला मुलगा मालिकेच्या अखेरीस वीस वर्षांचा व्हावयास हवा. पण फेणे शाळकरीच राहतो. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर एक मोहीम त्याच्या नावावर आहे आणि त्यानंतरच्या मोहिमांतही त्याची चड्डी आणि सायकल सुटलेली नाही. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला.

आता तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले एखादे उदाहरण आठवा. ‘घर्षणरहित पृष्ठभागावरून एक ठोकळा घसरत आहे.’ असा पृष्ठभाग जगात कोठेही नाही. पण त्यामुळे उदाहरण चुकीचे ठरत नाही, कारण काय गृहीत धरले आहे हे आधीच सांगितलेले असते आणि ते शेवटपर्यंत पाळले जाते. न वाढणारा फेणे आणि न संपणारी वेताळाची रात्र ही अशीच गृहीतके आहेत. लेखक आणि वाचक यांच्यातला तो ठराव आहे. तेव्हा पहिला नियम असा की संकेत वेगळा आणि विसंगती वेगळी. विसंगती केव्हा म्हणावी? लेखक स्वतःहून तारीख, वय, अंतर असे मोजता येणारे काही सांगतो आणि दुसरीकडे त्याच्याच विरुद्ध सांगतो, तेव्हा.

कॅप्टन नेमोची साले

भागवतांनी ज्या परदेशी लेखकाला मराठी मुलांच्या हाती दिले, त्या फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नच्या पुस्तकांत असे उत्तम उदाहरण सापडते. व्हर्नची ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्राध्यापक अरोनाक्स हा फ्रेंच मनुष्य कॅप्टन नेमोच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीवर नोव्हेंबर १८६७ ते जून १८६८ या काळात असतो. पुढे १८७४-७५ मध्ये व्हर्नने ‘रहस्यमय बेट’ लिहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मार्च १८६५ मध्ये पाच माणसे बलूनमधून निसटतात आणि एका निर्जन बेटावर पडतात. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना मरणोन्मुख नेमो भेटतो. आता या दोन पुस्तकांतली विधाने शेजारी शेजारी मांडू.

एक : अरोनाक्स पाणबुडीवर होता तो काळ १८६७-६८.

दोन : ऑक्टोबर १८६८ मध्ये नेमो म्हणतो की तो फ्रेंच मनुष्य आला त्याला सोळा वर्षे झाली. १८६८ वजा १६ बरोबर १८५२.

तीन : बेटावरच्या लोकांना अरोनाक्सच्या पुस्तकावरून नेमो ठाऊक आहे. पण हे लोक मार्च १८६५ पासून जगापासून तुटलेले आहेत. म्हणजे ते पुस्तक त्याआधीचे हवे.

चार : नेमो हा मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर. १८५७ च्या उठावात तो लढला आणि उठाव फसल्यावर त्याने ‘नॉटिलस’ बांधली.

आता जुळवून पाहा. पहिले विधान खरे मानले तर दुसरे आणि तिसरे पडते. दुसरे खरे मानले तर तिसरे जुळते, पण चौथे पडते, कारण १८५२ मध्ये पाणबुडीच नाही! कोणतेही साल घाला, चारही विधाने एकदम खरी होत नाहीत. बीजगणितात अशा समीकरणांना आपण ‘उकल नसलेली समीकरणे’ म्हणतो. स्वतः व्हर्नच्या पुस्तकातच तळटीप देऊन तारखा जुळत नसल्याचे वाचकांना सांगितले आहे.

असे का झाले असावे? पहिले पुस्तक लिहिताना नेमोचा पूर्वेतिहास ठरवण्याची गरज नव्हती. तो छापून लोकांच्या हाती गेला. नव्या कथेला म्हातारा, एकाकी नेमो हवा झाला, तेव्हा मागची तारीख बदलणे शक्य नव्हते. मालेत लिहिणाऱ्या प्रत्येकाची हीच अडचण असते. कळस बांधताना पायाचा दगड हलवता येत नाही.

लुपिनसरांची पौर्णिमा

आता तुमच्या पिढीच्या आवडत्या मालेकडे येऊ. जे. के. रोलिंगबाईंची हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली आणि ती मराठीतही वाचली जातात. दुसऱ्या भागात एका भुताची पाचशेवी पुण्यतिथी आहे आणि त्याचा मृत्यू ३१ ऑक्टोबर १४९२ चा. म्हणजे ते साल १९९२ आणि पहिल्या भागाचे साल १९९१. पहिल्या भागात हॅरीचा अकरावा वाढदिवस, ३१ जुलै, मंगळवारी येतो.

हा वार तपासू. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, हे लक्षात ठेवा. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि १ दिवस. म्हणून दर वर्षी वार एकाने पुढे सरकतो आणि २९ फेब्रुवारी मध्ये आला तर दोनाने. १९४७ ते १९९१ ही ४४ वर्षे. त्यांत १९४८ पासून १९८८ पर्यंत लीप वर्षे ११. बेरीज ५५. सातने भागले तर बाकी ६. शुक्रवारपुढे सहा, म्हणजे १५ ऑगस्ट १९९१ ला गुरुवार. ३१ जुलै त्याच्या १५ दिवस, म्हणजे दोन आठवडे आणि एक दिवस आधी. तेव्हा बुधवार! पुस्तकात मंगळवार आहे. एका दिवसाची चूक आहे, आणि ती कथेला बाधत नाही.

तिसऱ्या भागातली गोष्ट मात्र अधिक मजेची आहे. त्यात लुपिन नावाचे शिक्षक दर पौर्णिमेला लांडगा होतात आणि त्या सुमारास आजारी पडतात. २५ डिसेंबरला, नाताळच्या जेवणाला, ते आजारी म्हणून गैरहजर आहेत. पुढे ६ जूनला परीक्षा संपते आणि त्याच रात्री ढगांतून पूर्ण चंद्र बाहेर येऊन सर लांडगा होतात. साल विसरा आणि फक्त मधले दिवस मोजा. डिसेंबरचे ६, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१ आणि जूनचे ६. एकूण १६३.

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. पाच चांद्रमास म्हणजे १४७.६५ दिवस आणि सहा म्हणजे १७७.१८. आपले १६३ दिवस बरोबर मध्ये पडतात. नाताळला पौर्णिमा असेल तर ६ जूनला जवळजवळ अमावास्या! कोणी म्हणेल, आजारपण पौर्णिमेच्या चार दिवस मागेपुढे असू शकेल. प्रयोगातली त्रुटी सोडतो तशी ही सूट देऊन टाकू. मग १५९ ते १६७ दिवस होतात. तरीही १४८ किंवा १७७ यांच्या जवळपास आपण पोहोचत नाही. आपला निष्कर्ष ही सूट देऊनही टिकला, म्हणून तो पक्का.

पण दोहोंपैकी चूक कोणती, नाताळची की जूनची? दोन साक्षीदार भांडत असतील तर तिसरा बोलवावा लागतो. तो साक्षीदार म्हणजे आकाश. १९९३ च्या डिसेंबरात पौर्णिमा २८ तारखेच्या रात्री होती. नाताळचे आजारपण जुळले. १९९४ मध्ये पौर्णिमा २५ मे आणि २३ जून या दिवशी होत्या आणि अमावास्या ९ जूनला. तेव्हा ६ जूनचा पूर्ण चंद्र खोटा. शिवाय त्या दिवशी सोमवार होता आणि पुस्तकात परीक्षा संपते ती गुरुवारी.

चूक सुधारण्याचे मार्ग

चूक सापडली म्हणजे लेखक लहान होत नाही. ती सापडल्यावर काय केले, हे पाहण्यासारखे असते. सरळ मार्ग म्हणजे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती. पॉटरमालेच्या चौथ्या भागात एका कांडीने केलेली कृत्ये उलट क्रमाने बाहेर पडतात. टोपल्यात रचलेल्या भाकरींतली शेवटी ठेवलेली भाकरी आधी हाती येते, तसे. हॅरीचे वडील आधी मारले गेले आणि आई नंतर, म्हणून आईची छाया आधी यायला हवी. पहिल्या आवृत्तीत वडील आधी आले होते. नंतरच्या आवृत्त्यांत क्रम सुधारला गेला.

दुसरा मार्ग आधीच काळजी घेण्याचा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना टॉल्किन यांना १९४४ मध्ये आढळले की आपल्या कथेतला चंद्र एका मुलुखात उगवत असतो, तेव्हाच दुसऱ्या मुलुखात मावळतो. त्यांनी मागची प्रकरणे पुन्हा लिहून चंद्र ताळ्यावर आणला.

तिसरा मार्ग सर्वांत चतुर आहे. टॉल्किन यांच्याच ‘हॉबिट’ या १९३७ च्या पुस्तकात गोलम नावाचा प्राणी जादूची अंगठी पैजेत बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो. पुढच्या कथेत तीच अंगठी इतकी भयंकर ठरली की ती कोणी आपखुशीने देईल हे अशक्य झाले. १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. मग जुनी हकीकत कोठून आली? तर, नायकाने पहिल्यांदा मित्रांना खोटे सांगितले होते, आणि तेही अंगठीच्याच प्रभावाने! विसंगतीच कथेचा पुरावा बनली. विज्ञानातही असे घडते. युरेनस ग्रहाची गती गणिताशी जुळेना, तेव्हा ती विसंगती लपवून न ठेवता तिच्यामागे जाणाऱ्यांना १८४६ साली नेपच्यून सापडला.

एरणचा गुरुवार

तुम्ही म्हणाल, कथांतले वार तपासून पोट भरत नाही. बरोबर. पण हीच रीत इतिहासाला लावली तेव्हा काय झाले ते ऐका.

नेमोच्या त्या बुंदेलखंडातच, आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात, एरण नावाचे गाव आहे. तेथल्या एका शिलास्तंभावर बुधगुप्त राजाच्या काळचा लेख आहे. गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. परंतु गुप्तांचे वर्ष १ म्हणजे इसवी सन किती, याविषयी एकोणिसाव्या शतकात पंडितांत मोठा वाद होता. कोणी एक साल सांगे, कोणी त्याहून दीडशे वर्षे वेगळे. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, अजिंठ्याच्या लेण्यांचा काळ, हे सारे त्या एका अंकावर लोंबकळत होते.

अल्-बेरूनी या प्रवाशाने गुप्त शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी असल्याचे लिहून ठेवले होते. २४१ मध्ये ७८ मिळवले की ३१९. त्यात १६५ मिळवले की इ. स. ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी येते? हे गणित केले शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूड गावचा हा गृहस्थ पेशाने शिक्षक. उत्तर आले २१ जून ४८४, गुरुवार. फ्लीट या संशोधकाने गुप्तांचे लेख १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, ते दीक्षितांच्या अशा गणितांचा आधार घेऊन.

अर्थात वार नुसत्या योगायोगानेही जुळू शकतो, सातांत एकदा तरी. म्हणून आणखी साक्षी हव्यात. मंदसोरच्या लेखात कुमारगुप्ताच्या काळचे मालव संवत् ४९३, म्हणजे इ. स. ४३६, दिले आहे. कुमारगुप्ताची स्वतःची गुप्त वर्षे ९६ ते १३६ अशी लेखांत व नाण्यांवर मिळतात. त्यांत ३१९ मिळवा, ४१५ ते ४५५ येते. ४३६ त्यात नेमके बसते. निरनिराळ्या ठिकाणचे, एकमेकांशी संगनमत नसलेले साक्षीदार एकच सांगू लागले, तेव्हा वाद मिटला.

लुपिनसरांच्या पौर्णिमेला आपण जे विचारले, तेच दीक्षितांनी एरणच्या स्तंभाला विचारले. प्रश्न एकच, ‘हे त्याच्याशी जुळते का?’ चिखलीसारख्या गावी पदार्थविज्ञान शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते. उत्तर काढता येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, पण काढलेले उत्तर दुसऱ्या वाटेने तपासणारे फार थोडे. मोटारीचा वेग ताशी सहा हजार किलोमीटर आला तरी त्याखाली दोन रेघा मारून मोकळे होतात. ही तपासणीची सवय वर्गात लागण्याआधी गोष्टी वाचताना लागू शकते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना विनंती, की ‘गोष्टीसारखी वाच’ म्हणण्यापूर्वी मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि ‘चल, मोजून पाहू’ म्हणावे. गोष्टीतली गंमत त्याने कमी होत नाही. लुपिनसरांची अमावास्या सापडलेला विद्यार्थी ते पुस्तक आणखी दोनदा वाचतो.

तुम्ही करून पाहा

१. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. यावरून २६ जानेवारी १९५० चा वार काढा.

२. पॉटरमालेच्या पाचव्या भागात शाळा १ सप्टेंबरला उघडते आणि दुसऱ्या दिवशी सोमवारचे तास होतात. साल १९९५. खरा वार कोणता?

३. तुमच्या आवडीच्या कथामालेतील तारखा, वये आणि चंद्राचे उल्लेख एका वहीत ओळीने उतरवा. प्रत्येकापुढे पृष्ठांक लिहा. मग संकेत कोणते आणि विसंगती कोणत्या, अशा दोन याद्या करा.

उत्तरे : १. गुरुवार. २. शनिवार. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या वहीत.